बलुतं नको, वाटा द्या

(उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर इथं वस्तीतल्या कलावंतांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी काही मोठा वक्ता नव्हे. दहावी पास झालो आणि मुंबईच्या गोदीत कंत्राटावर लागलो. दिवसभर माल चढवायचा, माल उतरवायचा. रात्री जाग राहिली तर कविता लिहायची. गोदीत एक गोष्ट लवकर कळते. ओझं कोण उचलतो आणि कागदावर सही कुणाची असते, हे दोन वेगळे मामले आहेत. कलेचंही तसंच आहे. हलगी आपण वाजवायची आणि संस्कृती त्यांची!

आज विषय दिलाय, वस्तीतल्या कलेला सरकारी अनुदान. विषय कोरडा वाटेल. पण या शब्दाच्या पोटात बघा. 'अनुदान' म्हणजे शेवटी दानच. दान देणारा वर उभा आणि घेणारा खाली हात पसरून. या दानाची आपल्याला पिढ्यान् पिढ्या ओळख आहे. जत्रेत हलगी आपली, लग्नात आपली, मयतीला आपली, आणि मोबदला काय? बलुतं. पसाभर धान्य, शिळा तुकडा, आणि वर "लांबनं जा". खासबागेच्या मैदानात पैलवानाच्या अंगात जोर भरतो तो हलगीच्या ठेक्यानं. पैलवानाला फेटा, गदा, इनाम. हलगीवाल्याला खुशीनं भिरकावलेली नोट. ती नोट खाली वाकून उचलावी लागते, हे विसरू नका.

१९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातलं महार वतन मोडलं. पुढं १९५८ च्या कायद्यानं मुंबई राज्यातलंही ते गेलं. वतन गेलं, वेठ गेली. पण वाजवणाऱ्याच्या हाताची किंमत कुणी ठरवली नाही. बलुतं बंद झालं आणि त्या जागी मजुरी आली नाही, मेहेरबानी आली.

म्हणून आपल्यातच दोन तट आहेत. एक म्हणतो, सरकारचा पैसा घेतला की तोंड शिवलं गेलं, म्हणून एक पैसा नको. दुसरा म्हणतो, मिळतंय ते पदरात पाडून घ्या, तत्त्वं कोण खातो? मी दोन्ही तटांवर उभा नाही. पहिल्याला मी विचारतो, सरकारचा पैसा म्हणजे कुणाच्या बापाचा? काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो. गोदीतून जो माल देशात जातो, त्याच्या जकातीला आमच्या घामाचा वास आहे. तो पैसा आपलाच आहे. आणि दुसऱ्याला सांगतो, आपलाच पैसा असेल तर तो वाकून का घ्यायचा?

कोल्हापूरच्या मातीतलंच उदाहरण देतो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. राजाचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचा पैसा. पण म्हणून 'मूकनायक'चे अग्रलेख दरबारात लिहिले गेले नाहीत. लेखणी बाबासाहेबांचीच राहिली. त्याच वेळी 'केसरी'ला या पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापा म्हटलं, तरी त्यांनी छापली नाही. पुढं मार्च १९२० मध्ये, इथून जवळच्या माणगावात परिषद झाली आणि महाराज स्वतः तिथं आले. देणारा घेणाऱ्याच्या सभेत येऊन बसला! मदत अशी असते. पण 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडला, हेही ध्यानात ठेवा. एकदा मिळालेल्या मदतीवर पत्र चालत नाही, जलसाही चालत नाही. दर साल हक्कानं येणारा वाटा लागतो.

आता आजचा हिशेब मांडू. सरकार काहीच देत नाही असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या कलावंतांना मानधन आहे. २०२४ साली त्याला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि रक्कम महिन्याला ५,००० रुपये केली. ठीक आहे. पण ते पन्नाशीनंतर. म्हणजे जवानीभर उपाशी वाजवा, हाडं खिळखिळी झाली की या. करोनात जत्रा बंद, लग्नं बंद. तेव्हा २०२१ साली राज्यानं ५६,००० कलाकारांना एकदाच ५,००० रुपये द्यायचं ठरवलं. तेही दीड वर्ष चुली विझल्यावर.

दिल्लीच्या सांस्कृतिक मंत्रालयाची एक योजना आहे. कार्यक्रमाला, नाटकाला पाच लाखांपर्यंत अनुदान. वाचून तोंडाला पाणी सुटतं. मग अटी वाचा. संस्था नोंदणीकृत पाहिजे, तीही तीन वर्षं जुनी. ऑडिट पाहिजे. पैसे दोन हप्त्यांत, आधी ७५ टक्के आणि हिशेब पास झाल्यावर उरलेले २५. ज्याच्या खात्यात शिल्लक आहे तो हा चतकोर थांबून घेईल. आपल्या पोरांनी मात्र तोवर सावकाराकडं जायचं. योजना कलावंतासाठी, पण तिचं दार सनदी लेखापालाच्या उंचीचं!

आमच्या जलशाच्या पोरांनी एका कचेरीत अर्ज नेला होता. तिथला साहेब म्हणाला, "तुमच्या कार्यक्रमाच्या बातम्यांची कात्रणं कुठायत?" आमच्यातला एक म्हणाला, "साहेब, आमच्या बातम्या छापून आल्या असत्या तर जलसा काढायची पाळीच आली नसती." साहेब हसला. अर्ज तिथंच राहिला.

जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणणारी म्हातारी कुठलं प्रमाणपत्र आणणार? तिच्याकडं संस्था नाही, लेटरहेड नाही, मंडपातला फोटो नाही. तिच्याकडं फक्त गाणं आहे. आणि नेमक्या त्याच गोष्टीसाठी अर्जात रकाना नाही.

दुसरी गोष्ट याहून जास्त भयानक. पैसा दिला की देणारा गाण्याच्या ओळीत बोट घालतो. अमेरिकेत १९३५ साली मंदीच्या काळात सरकारी पैशानं फेडरल थिएटर सुरू झालं. त्यात काळ्या कलावंतांची वेगळी पथकं होती. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३६ साली त्यांनी शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' उभा केला आणि गोऱ्यांची तोंडं बंद केली. पण रंगमंचावरनं बेकारी, घरभाडं, मालक असले विषय निघायला लागले आणि तिथल्या पुढाऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. लाल, लाल म्हणून ओरड झाली. १९३९ च्या जूनमध्ये संसदेनं पैसा तोडला आणि कारभार बंद.

आपल्याकडं तर पैसा न घेताही सुटका नाही. नाटक करायचं तर संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडं द्या. कबीर कला मंचाच्या शाहिरांना २०२० साली अटक झाली. त्यांनी काय अनुदान खाल्लं होतं? आणि अण्णा भाऊ साठे! लाल बावट्याच्या कलापथकातून ज्यानं गिरणगाव हलवला, तो शाहीर १९६९ मध्ये दारिद्र्यात मेला. २००२ साली सरकारनं त्याच्या नावाचं चार रुपयांचं टपाल तिकीट काढलं. जिवंतपणी भाकरी नाही आणि मेल्यावर पाठीला डिंक. म्हणजे अनुदान नाकारून आपण सुरक्षित होतो, हा भ्रम आहे. नाकारून फक्त रिकामे राहतो.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सांगून मी गाडी पकडून जाणार नाही. इथं, उचगावात करता येईल असं सांगतो.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला १५ टक्के पैसा मागासवर्गीयांवर खर्च करावा लागतो. हा नियम आहे, कुणाची दया नव्हे. तो पैसा बहुतेक गावांत गटारात, फरशीत, दिव्याच्या खांबात जातो. गटार पाहिजेच. गटार नको म्हणणारा मी कोण? पण आपण नुसते गटारापुरतेच माणूस आहोत काय? समाजमंदिर बांधतात, कोनशिलेवर नावं कोरतात, आणि आत कुलूप. त्या कुलपाआड ढोलकी ठेवा, हलगी ठेवा, पेटी ठेवा, पोरांना शिकवणाऱ्या वस्तादाला मानधन द्या. नियमात बसत नाही असं ग्रामसेवक म्हणाला, तर शांतपणे सांगा, "लेखी द्या." हे दोन शब्द पाठ करा. लेखी मागितलं की निम्मे नियम पळून जातात.

माझी मागणी साधी आहे. एका वस्तीला सालाला २५ हजार. पाच लाखांचं एक अनुदान एका बड्या संस्थेला जातं, तेवढ्यात २० वस्त्या वाजायला लागतील. नोंदणीचं बेडकं-बाड नको, वस्तीच्या सभेचा ठराव पुरे. पैसा कार्यक्रमाच्या आधी. निम्मा पैसा बायकांच्या हातात, कारण ओव्या त्यांनी जपल्या आणि मंच आपण बळकावला. गाण्यात काय असावं हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही, सरपंचाला नाही, आमदाराला नाही, आपल्या पुढाऱ्यालाही नाही.

आणि आपल्यासाठीही एक अट. आलेला पैसा न् पैसा समाजमंदिराच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. चामडं इतक्याचं, टेम्पो इतक्याचा, चहा इतक्याचा. कारण आपल्यातही असले वाघ आहेत की जयंतीच्या नावावर वर्गणी गोळा करून एका रात्रीत डॉल्बीत उडवतात. भिंतीचा कान फुटला तरी चालेल पण म्हाताऱ्याची हलगी फाटकीच! त्यांच्यासाठी ती भिंत. सरकारला हिशेब द्यायच्या आधी वस्तीला द्या. मग सरकारपुढं मान वर करून बोलता येतं.

नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला, तो लोकांच्या वर्गणीवर. ती वर्गणी आपण सोडायची नाही. सरकारचा वाटा बंद झाला तरी हलगी बंद पडता कामा नये, इतकी आपली चूल आपल्या हातात पाहिजे. पण वर्गणी आहे म्हणून वाटा सोडायचा, हा शहाणपणा गरिबाला परवडत नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभेच्या या तारखा. येत्या सभेला हात हलवत जाऊ नका. अर्ज न्या, त्यावर सह्या न्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे न्या. आणि हलगी न्या. पंधरा टक्क्यांचा विषय निघाला की एकानं अर्ज वाचायचा. वाचू दिला नाही, तर दुसऱ्यानं वाजवायचं.

जय भीम!