जुनी काच, नवा सांधा

माशांची काचपेटी गळू लागली की घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. कुणी बाहेरून चिकटपट्टी मारायला सांगतो, कुणी मेण लावायला. दुकानदार तर सरळ म्हणतो, ‘फेका साहेब, नवी घ्या.’ श्रोतेहो, आमच्या घरची पेटी फेकण्यातली नव्हती. माझ्या अब्बांनी ती निवृत्तीनंतर आणलेली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. फजरची नमाज झाली की आधी माशांना दाणे, मग स्वतःचा चहा, हा त्यांचा क्रम. अब्बा गेले, पेटी राहिली. तिच्याखालचं टेबल ओलं दिसू लागलं, तेव्हा दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. अब्बांची आठवण आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचं छत.

पेटीतलं पाणी शांत दिसतं, पण ते स्वस्थ बसलेलं नसतं. एवढ्या पेटीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५६ किलो वजन. त्यातलं फूटभर उंचीचं पाणी समोरच्या काचेला सुमारे २८ किलोंच्या जोराने रात्रंदिवस बाहेर ढकलत असतं. पूर्वी हा भार धातूची चौकट पेलायची. आता तो सिलिकॉनचा थर पेलतो. बाहेरून लावलेलं ठिगळ हेच पाणी ढकलून सोडवतं. आतून लावलेला थर मात्र ते काचेवर दाबून धरतं. म्हणून दुरुस्ती आतूनच करायची.

पेटीत सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. एक, काचेच्या दोन कडांच्या मध्ये. तो खरा सांधा. दुसरं, आतल्या कोपऱ्यांतून फिरवलेली पट्टी. खऱ्या सांध्यातच बुडबुडे किंवा फट दिसली, तर सगळ्या काचा सोडवून पेटी नव्याने बांधावी लागते. आमचा सांधा शाबूत होता. आतली पट्टी तेवढी सुटली होती आणि तिच्याखाली हिरवं शेवाळ शिरलं होतं.

आता अडचणीची गोष्ट. जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन भरवशाने धरत नाही. शिवाय पाणी शिरतं एका कोपऱ्यातून आणि ठिबकतं दुसऱ्याच. त्यामुळे गळेल तिथे डागडुजी करून भागत नाही, आतली पट्टी सगळीच खरवडून काढावी लागते. अब्बांनी कधीतरी एक कोपरा स्वतःच भरला होता. त्यात त्यांच्या बोटाचा ठसा उमटून राहिला होता. अम्मी म्हणाली, ‘तेवढा कोपरा राहू दे रे.’ कवितेत जुन्या ओळीशेजारी नवी ओळ लिहिता येते. काच ती सवलत देत नाही. मी तिला कारण सांगितलं. ती थोडा वेळ ठशावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, ‘काढ. त्यांना पेटी भरलेली आवडायची.’

खरवडायला दोन संध्याकाळी लागल्या. सिलिकॉन पाण्याने विरघळत नाही. ब्लेड काचेवर आडवं धरून धीराने सरकवायचं, मग काच स्पिरिटने पुसून कोरडी करायची. नवं सिलिकॉन घेताना नळीवरचा मजकूर जरूर वाचा. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक घातलेलं असतं. ते माशांच्या जिवावर उठू शकतं. मत्स्यपेटीसाठीचं म्हणून मिळतं, तेच घ्यावं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून घेतली, सिलिकॉनची सलग रेघ ओढली, ओल्या बोटाने दाबली आणि साय धरण्याआधी पट्टी काढली. घरभर सिरक्याचा वास सुटला. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि होताना सिरक्यातलंच आम्ल सोडतं. म्हणून उन्हात ठेवून घाई करण्यात अर्थ नाही. आधी वरची साय धरते, आतला भाग सावकाश घट्ट होतो.

तोवर मासे टबात होते, हवेच्या पंपासकट. गाळणीतला स्पंजही त्यांच्याच पाण्यात ठेवला होता. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात राहतात. स्पंज वाळला तर ते मरतात आणि दुरुस्त झालेल्या पेटीत मासे आजारी पडतात.

आठवडाभर पेटीला हात लावला नाही. मग ती गच्चीत सपाट जागी थर्माकोलवर ठेवली, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि थोडंथोडं करत पाणी भरलं. कागदावर एक थेंब पडला तरी डाग लगेच दिसतो. दोन दिवस अम्मी जिने चढून येऊन कागद पाहून जायची. कागद कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं आणि पेटी खाली नेली. अम्मीने विचारलं, ‘पुन्हा गळली तर?’ म्हटलं, ‘पुन्हा खरवडू.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)