चष्मा आणि चाळिशी

वयाच्या अकराव्या वर्षी माझ्या नाकावर चष्मा चढला आणि आज शेहेचाळिसाव्या वर्षीही तो तेथेच आहे. सकाळी जाग आली की देवाचे नाव घेण्यापूर्वी माझा हात उशीशेजारी चष्मा चाचपतो. पावसाळ्यात त्याच्या काचांवर थेंब साचतात, हिवाळ्यात चहाचा पेला ओठांशी नेताच धुके धरते आणि समुद्रात उतरलो तर किनाऱ्यावरची माझीच माणसे मला ओळखू येत नाहीत. या पस्तीस वर्षांच्या सोबत्याला आता निरोप द्यावा, असे माझ्या मुलीचे मत पडले. "बाबा, आपण दोघेही लेसर करून घेऊ या," ती म्हणाली. ती एकोणीस वर्षांची आहे आणि हा वारसा तिच्याही नाकावर विराजमान आहे.

श्रोतेहो, सरकारी नोकरीत मुरलेल्या मनुष्यापुढे कोणताही प्रस्ताव आला की तो प्रथम त्याची पूर्वपीठिका मागवितो. मीही तेच केले.

लेसर किरण प्रथम निर्माण केला तो थिओडोर मेमन यांनी, अमेरिकेत, १९६० साली. डोळ्यासाठी वापरतात तो मात्र एक्सायमर नावाचा निराळा लेसर. त्याच्या या उपयोगाचे मूळ शोधू गेलो तेव्हा एक आपल्या देशाचे नाव सापडले. मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करीत होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर हा किरण सोडला. काप स्वच्छ पडला. आजूबाजूचा भाग जळला नाही. उष्णता पसरण्यापूर्वीच किरण रेणूंचे बंध तोडतो, हे त्यामागचे कारण. १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाच्या साहाय्याने हेच तत्त्व डोळ्याला लावून पाहण्यात आले. सणाच्या उरलेल्या अन्नातून एवढे मोठे शास्त्र निघावे, याची मला मौज वाटली.

आता प्रत्यक्ष क्रिया. बुबुळावर जो पारदर्शक घुमट असतो, त्याला कॉर्निया किंवा स्वच्छमंडल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. पण प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम तो एकटा करतो. माझ्यासारख्या ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाच्या डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. लासिक पद्धतीत थेंब घालून डोळा बधिर करतात, स्वच्छमंडलाचा एक पातळ पापुद्रा उचलतात, त्याखालील भाग किरणाने किंचित सपाट करतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवितात. एका नंबरासाठी साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन थर काढावा लागतो. माझा नंबर उणे तीन. म्हणजे माझ्या डोळ्यातून चाळीसएक मायक्रॉन जाणार. ही जाडी डोक्याच्या केसाहूनही कमी. परंतु गेलेला थर पुन्हा उगवत नाही. चष्मा बदलता येतो. हे परत मागता येत नाही.

एवढी माहिती घेऊन आम्ही पितापुत्री नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. स्वच्छमंडलाचा नकाशा काढण्यात आला, जाडी मोजली, अश्रूंचे प्रमाण तपासले, अंधारात बाहुली किती मोठी होते हेही पाहिले. ज्यांचे स्वच्छमंडल पातळ आहे किंवा शंकूसारखे पुढे येत आहे, त्यांना ही शस्त्रक्रिया करीत नाहीत, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे त्रास बहुतेकांना काही महिन्यांत सोडून जातात; काहींना सोडीत नाहीत, हेही त्यांनी लपविले नाही. माझे डोळे सर्व कसोट्यांस उतरले. मी मनातल्या मनात चष्म्याचा निरोपसमारंभ उरकू लागलो.

तोच त्यांनी विचारले, "रात्री अंथरुणावर वाचताना आपण चष्मा काढून ठेवता का?"

मी म्हटले, "हो, नेहमीच."

"मग शस्त्रक्रियेनंतर तेव्हा तो घालावा लागेल."

आपल्या भाषेने वयाच्या एका टप्प्याला आणि नाकावरच्या भिंगांना एकच नाव दिले आहे: चाळिशी. त्या वयात डोळ्याच्या आतले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी फुगेनासे होते. लेसर काम करतो तो बाहेरच्या घुमटावर. आतल्या भिंगाचे वय तो कमी करीत नाही. माझ्या उणे तीन नंबराच्या डोळ्याला तेहतीस सेंटिमीटरवरचे अक्षर उघड्यानेच स्वच्छ दिसते, आणि पुस्तक धरण्याचे अंतर नेमके तेवढेच. ज्याला मी आजवर व्यंग समजत होतो, तेच माझी चाळिशी चुकवीत होते! एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याचीही तोड असते. कॉन्टॅक्ट लेन्स लावून मी ती आठवडाभर अनुभवली. दिवसा ठीक चालले. रात्री मोटार चालविताना मात्र जीव धास्तावला.

ज्याचे आयुष्य कागद वाचण्यात गेले आणि निवृत्तीनंतरही पुस्तकांतच जावयाचे आहे, त्याने दूरचे डोंगर मिळविण्यासाठी जवळचे अक्षर द्यावे काय? मी नकार दिला. मैदानावर, पाण्यात किंवा प्रवासात अधिक रमणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाने होकार दिला, तर तोही चुकला असे मी म्हणणार नाही.

मुलीचा प्रश्न निराळा होता. गेल्या वर्षभरात तिचा नंबर अर्ध्याने वाढला होता. तो निदान एक वर्ष स्थिर राहीपर्यंत थांबा, असा सल्ला मिळाला. घरी येताना ती हिरमुसली होती, आणि खरे सांगावयाचे तर मला थोडे हायसे वाटले होते. ते हायसे वाटणेच मला नंतर खुपले. माझा नकार माझ्या वयाचा आहे. तो तिच्यावर लादण्याचा मला अधिकार नाही. तिच्यापुढे चाळिशीपूर्वीची वीस वर्षे मोकळी पडली आहेत. त्या वर्षांत तिला दूरचेही दिसेल आणि जवळचेही. माझ्या वाट्याला असा एक दिवसही येणार नव्हता.

म्हणून प्रस्तावावर मी दोन शेरे लिहिले आहेत: माझ्यापुरता नामंजूर, तिच्यापुरता विचाराधीन. रात्री मी चष्मा उशीशी ठेवतो आणि पुस्तक नाकाजवळ धरतो. पुढे तिचा नंबर स्थिरावला, सर्व कसोट्या उतरल्या आणि तिचे मन तेव्हाही तेच राहिले, तर मी तिच्यासोबत जाईन. परतताना तिचा चष्मा माझ्या खिशात असेल.