पाऊस मोजणारी बाई
(महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वस्तीतल्या एका मुलीला बी.एस्सी.ला फिजिक्स घ्यायचंय. तिचे वडील मला म्हणाले, "ताई, आमच्यातल्या कुठल्या पोरीनं हे केलंय का?" त्यांना मी जोअॅन सिम्प्सन यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

या अमेरिकन बाईंचा जन्म १९२३ सालचा. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा लष्करी विद्यार्थ्यांना हवामानशास्त्र शिकवायला बायका चालल्या. त्यांत या होत्या. युद्ध संपलं, तशी बायकांनी घरी परतावं अशी अपेक्षा सुरू झाली. यांनी पीएच.डी. करायची म्हटल्यावर विद्यापीठात ऐकवलं गेलं की या विषयात बाईनं पीएच.डी. केलेली नाही, कुणी करणारही नाही. थोडक्यात, त्या वडिलांचाच प्रश्न! १९४९ साली त्यांनी ती मिळवली. हवामानशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री.

उष्ण कटिबंधातला बराचसा पाऊस समुद्रावर पडतो. तिथे पर्जन्यमापक कोण ठेवणार? म्हणून अमेरिका आणि जपान यांनी मिळून उपग्रह करायचं ठरवलं. १९८६ साली त्याची शास्त्रीय धुरा नासाने सिम्प्सनबाईंवर सोपवली. वय ६३! काय मोजायचं, किती अचूक मोजायचं, याचा आग्रह शास्त्रज्ञांच्या वतीनं धरायचा आणि तो पैसा, वजन, यंत्रं यांच्या मर्यादेत बसवायचा, असं हे काम. ते ११ वर्षं चाललं. नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानमधून उपग्रह सुटला. पाऊस मोजणारं अवकाशातलं पहिलं रडार त्यावर होतं. तीन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह २०१५ पर्यंत चालला. आपल्या महाराष्ट्रावरचा पाऊसही त्यानं टिपला.

पण एकटीच्या जिद्दीला टाळ्या देऊन थांबू नका. युद्धात गरज होती तेव्हा दार उघडलं, गरज सरली तसं लोटलं गेलं. आपल्याकडे वेगळं काय होतं? पाणलोटाच्या कामावर माती वाहायला बायका. बंधारा कुठे घालायचा हे ठरवताना मात्र त्यांना कुणी विचारत नाही. पाऊस कळणं, पाणी कळणं, ही सत्ता आहे. ती मागावीच लागते.

त्या मुलीची पहिल्या वर्षाची फी गटानं कर्जाऊ दिलीय. दुसऱ्या वर्षाचं काय, यावर वडील अजून गप्प आहेत. पुढच्या बैठकीला त्यांनाच बोलावलंय. तुम्हीही या.