गिअर काढले, सायकल धावली
धुळीनं गिअर अडकले की सायकल गोठ्यात पडते आणि पोरगी शाळेला पायी जाते. दमली की शाळाच सुटायची भीती. म्हणून आमच्या गटानं अशा सायकली उघडायला घेतल्या.

गिअर, त्यांच्या तारा, खटके सगळं काढतो. तेवढंच वजन कमी! मागे एकच फ्रीव्हील बसवतो. पुढे ४४ दाते, मागे १८ असले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे घेतं. सपाटीला छान, चढाला जड. मागे २२ घातले की दोनच फेरे, पण चढ निघतो. आमच्या वाटेत खिंड आहे, म्हणून २२च.

चेन साध्या सायकलची रुंद घ्या. गिअरची अरुंद चेन जाड दात्यांवर बसत नाही. मागचं चाक बसतं ती खाच आडवी हवी, तरच चाक मागे ओढून चेन ताणता येते. जुनी सायकल घेताना आधी हेच बघा.

शर्यतवाले कार्बनची फ्रेम घेतात. हलकी खरी, पण तडकली तर गावच्या वेल्डरला जोडता येत नाही. आपली लोखंडीच बरी. रिम मात्र अॅल्युमिनियमची घाला, फरक लगेच कळतो. कॅरियर काढू नका, दप्तर कुठं ठेवणार? आणि ब्रेक दोन्ही हवेत. खिंड उतरायचीही असते.