पक्षाघातानंतर बुद्धीची मशागत
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी आम्हांस पक्षाघाताचा सौम्य झटका आला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहेच. महिन्याभरात हात वळू लागला. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. परंतु ज्याने तीस वर्षे मुलांकडून पाढे घोकून घेतले, त्यास वाण्याने परत दिलेली मोड मोजता येईना. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटे. लोक म्हणत, "वय झाले." आम्हीही लाजेने गप्प राहिलो. ती आमची चूक होती.

मेंदूच्या एखाद्या भागास इजा झाली म्हणजे जसा हात लुळा पडतो, तद्वतच अवधान, स्मरण व कामाचा क्रम लावण्याची शक्तीही दुबळी होऊ शकते. हा वयाचा दोष नव्हे. तो आजाराचाच भाग होय.

या बाबतीत चीन देशातील 'बादुआनजिन' हा व्यायाम विचारात घेण्याजोगा आहे. नावाचा अर्थ 'किनखापाचे आठ तुकडे'. सोंग राजवटीपासून त्याचे उल्लेख आढळतात. २००३ साली तेथील सरकारी क्रीडाखात्याने त्यास प्रमाणरूप दिले. हालचाली आठच, संथ आणि श्वासाच्या तालावर. पहिलीत दोन्ही हातांनी आकाश तोलावयाचे, दुसरीत डावी-उजवीकडे धनुष्य ओढावयाचे. पुढील हालचाल आठवावी लागते, तोल राखावा लागतो, लक्ष श्वासावर ठेवावे लागते. म्हणजे शरीर व बुद्धी एकाच वेळी कामास लागतात, हेच त्यातील मर्म. उभे राहणे कठीण असेल, त्यांच्यासाठी बसून करण्याचा प्रकारही आहे.

चीनमधील संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांवर याचे प्रयोग केले असून, काहींत बुद्धीच्या चाचणीतील गुण वाढलेले दिसले. तथापि हे प्रयोग लहान आहेत. रक्तदाबाची गोळी सोडून आकाश तोलीत बसावे, असा याचा अर्थ कोणी करू नये.

डॉक्टरांच्या अनुमतीने आम्ही रोज सकाळी हा अभ्यास करतो. आमची नात समोर उभी राहते. चौथीनंतर आम्ही अद्याप अडखळतो, मग ती दटावते, "आजोबा, आता पाचवी!" गुरुजींचा विद्यार्थी झाला, याचे आम्हांस वैषम्य नाही.

बंधुभगिनींनो, घरातील कोणी या आजारातून उठला, तर त्याच्या हाताबरोबर बुद्धीचीही विचारपूस करा. 'वय झाले' म्हणून त्यास कोपऱ्यात बसवू नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.