अवकाशाचा खर्च आणि गरिबाचा हिशेब



ज्या देशात अद्याप प्रत्येकाच्या ताटात दोन वेळची भाकरी पडत नाही, त्या देशाने आकाशात अग्निबाण सोडावेत काय? गेली साठ वर्षे हा प्रश्न विचारला जात आहे. तो विचारणारे सर्वच अज्ञानी किंवा देशद्वेष्टे असतात, असे समजण्याचे मुळीच कारण नाही.

हा प्रश्न केवळ भारतालाच पडला असेही नाही. दि. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चंद्राकडे झेपावले. त्याच्या आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनाथी गरीब कुटुंबांना व खेचरांच्या गाड्यांना सोबत घेऊन प्रक्षेपण केंद्राजवळ येऊन उभे राहिले. नासाचे प्रमुख टॉमस पेन स्वतः त्यांना सामोरे गेले. उद्याचे उड्डाण रद्द केल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही ते रद्द करू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. अ‍ॅबरनाथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करण्याचे मान्य केले आणि पेन यांनी काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी जागा दिली. दोन्ही बाजूंचे सौजन्य वाखाणण्यासारखे होते. प्रश्न मात्र जिथल्या तिथेच राहिला. १९७२ नंतर अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरविणे थांबविले, म्हणून तेथील दारिद्र्य नाहीसे झाले नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आपल्याकडे या प्रश्नाला पहिले विचारपूर्वक उत्तर दिले ते डॉ. विक्रम साराभाई यांनी. अहमदाबादच्या जैन कुटुंबात १९१९ साली त्यांचा जन्म झाला. वडील अंबालाल साराभाई यांची कॅलिको मिल कापडाच्या व्यवसायात सर्वांच्या परिचयाची. अवकाशाकडे वळण्यापूर्वी १९४७ साली विक्रमभाईंनी गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही वस्त्रसंशोधन संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. पिढ्यान् पिढ्या हाताच्या अंदाजावर चालणाऱ्या धंद्यात मोजमापाची शिस्त आणणे सोपे नव्हते! धनाढ्य राष्ट्रांशी चंद्र किंवा ग्रह गाठण्याची स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही. प्रगत तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या प्रश्नांसाठी वापरण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती.

या कार्याला पहिली देणगी कोणी दिली, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. चुंबकीय विषुववृत्ताजवळचे स्थान म्हणून केरळमधील थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले. तेथे सेंट मेरी मॅग्डलिन चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या गावकऱ्यांपुढे विषय ठेवला आणि गावकऱ्यांनी होकार दिला, असे डॉ. अब्दुल कलाम सांगत असत. चर्चमध्ये कार्यालय थाटले आणि दि. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकन बनावटीचा होता. ज्या गरिबांच्या नावाने आज वाद घातला जातो, त्याच गरिबांनी आपले घर आणि आपले प्रार्थनास्थळ दिले. दानशूरांच्या यादीत त्यांची नावे कोठेही कोरलेली दिसत नाहीत.

साराभाई दि. ३० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. त्यांची दूरदृष्टी फळाला आली ती १९७५-७६ मध्ये. अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच पोहोचले व शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम वर्षभर दाखविले गेले. पुढे १९७९ साली एस.एल.व्ही.-३ बंगालच्या उपसागरात कोसळले, तेव्हा टीका झाली. १९८० च्या यशाने ती थोडी निवळली.

नोव्हेंबर २०१३ मध्ये मंगळयान निघाले आणि वाद पुन्हा पेटला. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. इस्रोचे एक माजी अध्यक्षही टीकाकारांत होते. समर्थक म्हणाले, माणशी साडेतीन-चार रुपयेच पडतात. हा युक्तिवाद तोकडा आहे. स्वस्त आहे एवढ्यावरून शहाणे गिऱ्हाईक माल उचलत नाही. त्याचा उपयोग काय, हे आधी विचारते. उपयोगाचे उत्तर त्याआधी महिन्याच्या आतच मिळाले होते. दि. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळले. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. श्रेय एकट्या उपग्रहाचे नव्हे. निवारे बांधणाऱ्यांचे व रात्रभर दारोदार फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांचेही ते आहे. परंतु उपग्रहाची नजर नसती, तर कोणाला किती आधी हलवावे हेच कळले नसते.

तरीही मंगळयान म्हणजे हवामानाचा उपग्रह नव्हे. गगनयानाचा मंजूर खर्च तर २०२४ मध्ये २० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्यात अवकाश स्थानकाचा पहिला भागही धरलेला आहे. एका खात्यातील जमा दाखवून दुसऱ्या खात्यातील खर्च झाकता येत नाही. तेथे ज्ञानाची जिज्ञासा व राष्ट्राची प्रतिष्ठा यांसाठीच हा खर्च आहे, असे उघडपणे सांगावे आणि मग लोकांनी तो मान्य करावा, हेच सरळ.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ वादळ उठले. तोवर उपग्रह वर्षानुवर्षे त्या समुद्रावर नजर ठेवून होते. पण थुंब्याच्याच जिल्ह्यातील पुंतुरा, विळिंजम येथील मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. त्यांच्यापर्यंत वेळेवर इशारा पोहोचविण्याचे साधन नव्हते. केरळ व तमिळनाडूतील शेकडो माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यानंतर इस्रोच्या ‘नाविक’ उपग्रहांवरून होडीत संदेश पोहोचविणारी यंत्रे मच्छीमारांना देण्यास आरंभ झाला. थुंब्याच्या लोकांनी चर्च दिल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.