घर समुद्राकाठी, दवाखाना खाडीपलीकडे



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘ज्येष्ठ नागरिक आणि आरोग्यविमा’. तो मी थोडा आपल्या सोयीनं वळवून घेणार आहे. समोर बसलेल्यांत बरेचजण पिढ्यान्‌पिढ्या इथले आहेत. बाकीचे दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे सोडून नागाव, आक्षी, चौल, किहीम, आवासच्या वाड्यांमध्ये घर करून राहिलेले. मीही त्यांच्यातलाच. माझी नोकरी आरोग्यविम्याचे दावे तपासण्यात गेली, म्हणजे लोकांच्या आजारपणाची बिलं वाचणं हेच माझं काम होतं. मुंबईत काढलेली पॉलिसी खिशात घालून रायगडच्या किनाऱ्यावर राहायला आलेला माणूस आजारी पडला की काय होतं, एवढंच मी आज सांगणार आहे.

इथं जागा घेताना आपण काय काय बघतो! विहिरीचं पाणी गोड की मचूळ, सातबारा स्वच्छ आहे का, सीआरझेड कुठवर येतं, नारळ-सुपारीची झाडं किती. दवाखाना किती लांब, असं विचारणारं गिऱ्हाईक जागेच्या दलालाला क्वचित भेटत असेल. कुणी विचारलंच, तर त्याचं उत्तर तयार असतं: “अहो, रो-रोनं तासाभरात मुंबई!”

आणि तो खोटं बोलत नाही. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसकट येता-जाता येतं. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावाशेवा हा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू उघडला. पण छातीतली कळ बोटीचं वेळापत्रक बघून येत नाही. रात्री दोनला मांडव्याच्या जेट्टीवर बोट नसते. पावसाळ्यात गेटवेच्या कॅटामरान बंद होतात आणि समुद्र फारच खवळला तर रो-रोही रद्द होते. अटल सेतूला जायचं तर आधी वडखळ आणि पेण ओलांडावं लागतं. रविवारी संध्याकाळचं वडखळ कसं असतं, ते या सभागृहात कुणाला सांगायला नको. ही झाली अलिबागची कथा. मुरूड याहून पुढे. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगरच्या माणसानं तर म्हसळा, माणगाव करत महामार्ग गाठायचा आणि तिथून मुंबईचा विचार करायचा.

हृदयाच्या डॉक्टरांचं एक साधं गणित आहे. मोठा झटका आला, रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली, तर ती अँजिओप्लास्टीनं उघडणं सर्वांत चांगलं. मात्र निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत ते होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावं. आता मांडव्याची रात्र, वडखळची कोंडी आणि श्रीवर्धनचा घाट यांतले दोन तास मोजून बघा. मुंबईतलं ते चकचकीत हॉस्पिटल, ज्याचं नाव आपण पॉलिसी घेताना यादीत आधी शोधलं होतं, ते या दोन तासांत कुठेच बसत नाही. या दोन तासांत बसतं ते जवळचं ईसीजीचं यंत्र, तो आलेख वाचणारा माणूस, फ्रिजमध्ये असलेलं ते इंजेक्शन आणि ते द्यायचं धाडस असलेला डॉक्टर. त्याच्याकडे पंचतारांकित खोली नसेल. कदाचित त्याच्याकडे कॅशलेसची खिडकीही नसेल.

माझं म्हणणं इतकंच आहे की पॉलिसी बिल भरते. ती डॉक्टर आणून देत नाही. मुंबईत हे दोन्ही एकाच रस्त्यावर मिळतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटू लागतं. इथं आल्यावर त्यांच्यामध्ये खाडी येते.

आता पॉलिसीकडे येऊ, कारण तो माझा जुना प्रांत. काही कंपन्या हप्त्यासाठी देशाचे विभाग पाडतात. मुंबई महाग विभागात, अलिबाग स्वस्त विभागात. इकडे राहायला आलेला माणूस प्रामाणिकपणे पत्ता बदलतो, हप्ता कमी झाला म्हणून खूश होतो. पुढे गुडघा बदलायला मुंबईला जातो, तेव्हा बिलातला दहा-वीस टक्के वाटा त्यानंच भरायचा, असं कलम बाहेर येतं. कलम पहिल्यापासून छापलेलं असतं, पण आपण वाचलेलं नसतं. तुमच्या पॉलिसीत ते असेलच असं नाही. पण आज घरी गेल्यावर चष्मा लावून एवढं एक पान बघा. खोलीच्या भाड्याची मर्यादाही तिथंच कुठेतरी असेल. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर नुसता खोलीतला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो.

दुसरा प्रश्न इथल्या लहान नर्सिंग होमचा. “तिथं दाखल झालो तर विमा मिळेल का?” असं मला समुद्रावर फिरतानासुद्धा विचारतात. रुग्णालय कायद्याखाली नोंदलेलं असेल, तर सहसा मिळतो. नोंदणी नसेल, तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी, हे सगळं असावं लागतं. मात्र पैसे मिळणं वेगळं आणि कॅशलेस वेगळं. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी यादीबाहेरच्या रुग्णालयांतही कॅशलेसची सोय केली, पण ती १५ खाटांच्या नोंदणीकृत रुग्णालयांसाठी. आठ खाटांच्या नर्सिंग होममध्ये आधी आपण पैसे भरायचे आणि कागद जोडून मागून घ्यायचे. तेव्हा घरात थोडी रोकड आणि बँकेत हाताशी येईल अशी रक्कम ठेवा. कॅशलेस म्हणजे खिसा रिकामा ठेवायची परवानगी नव्हे.

विमा नियामकानं मे २०२४ मध्ये कंपन्यांना चांगला चाप लावला. कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. उशीर झाला आणि रुग्णालयानं त्यापायी जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं सोसायचे. त्याच वर्षी आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायची मुदतही जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. पाच वर्षं पॉलिसी अखंड चालवली, की लबाडी सिद्ध झाल्याशिवाय जुन्या आजाराच्या नावाखाली दावा नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. हे सगळं ठीक झालं. पण “बीपीची गोळी फॉर्मवर लिहू नका, उगाच हप्ता वाढेल” असा सल्ला देणारा एजंट आजही भेटतो. त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. मी नाकारलेल्या दाव्यांत सगळ्यात दुःखद दावे या एका न लिहिलेल्या गोळीचे होते. दावा अन्यायानं नाकारला गेला असं वाटलं, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि कॅशलेसला लागतं नेटवर्क. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर मुरूड-श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत वीज आणि फोन किती काळ नव्हते, हे तुम्ही भोगलंय. त्या दिवसांत मंजुरीचा ई-मेल कुणी कुणाला पाठवायचा? ज्या डॉक्टरांनी तेव्हा मेणबत्ती आणि बॅटरीवर टाके घातले, त्यांनी पॉलिसी नंबर विचारला नसेल.

आता थोडं बाहेर डोकावू. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, अलिकांतेच्या बाजूला, हजारो इंग्रज पेन्शनर राहतात. ऊन, समुद्र, घरापुढं बाग. आपल्या किहीमसारखंच, फक्त सुपारीऐवजी संत्री. ज्यांना ब्रिटनचं सरकारी पेन्शन चालू आहे, ते एस-१ नावाचा कागद दाखवून स्पेनच्या सरकारी आरोग्यसेवेत जातात आणि त्यांचा खर्च ब्रिटन देतं. पेन्शनचं वय न झालेल्यांचं ब्रेक्झिटनंतर अवघड झालं. तिथं राहायचा परवानाच हवा असेल, तर पूर्ण खर्च देणारा, रुग्णावर वाटा न टाकणारा खासगी विमा काढावा लागतो. वर्षभर राहिल्यावर सरकारी सेवेत पैसे भरून शिरायची सोय आहे. पासष्टीच्या आतल्यांना महिना ६० युरो, पुढच्यांना १५७. खासगी रुग्णालयांत इंग्रजी बोलणारी माणसं असतात, तपासणीचा नंबर लवकर लागतो, म्हणून ही मंडळी खासगीवर खूश. पण मोठा अपघात झाला, झटका आला, की ११२ क्रमांकावर बोलावलेली गाडी त्यांना सहसा सरकारी रुग्णालयातच नेते. तिथली खासगी व्यवस्था सरकारी व्यवस्थेच्या पाठीला टेकून उभी आहे, आणि हे त्यांना माहीत आहे.

आपल्याला ते माहीत नसतं. मुंबईहून आलेला माणूस ‘सिव्हिल’चं नाव निघालं की नाक मुरडतो. गर्दी आहे, स्वच्छतेची तक्रार आहे, औषधं कधी बाहेरून आणावी लागतात, मला सगळं मान्य आहे. पण सर्पदंशावरचं प्रतिविष, चोवीस तास बाळंतपण, अपघाताचे रुग्ण, हे ओझं जिल्हा रुग्णालयच वाहतं. २०२१ पासून अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, म्हणजे शिकवणारे तज्ज्ञ इथं येऊ लागले. १०८ ची गाडी २०१४ पासून फुकट धावते. ती जवळच्या योग्य रुग्णालयात नेते. तुमच्या कंपनीच्या यादीत कोण आहे, ते ती विचारत नाही. एक सरकारी योजना तर आपल्या जिल्ह्यात पहिल्याच फेरीत आली. जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, त्यांत रायगड होता. तीच आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि ठरलेल्या खासगी रुग्णालयांतही तिच्यातून उपचार होतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान कार्ड मिळतं. खासगी पॉलिसी असली तरी ते काढता येतं. आधार कार्ड घेऊन जायचं, एवढाच त्रास. बंगलेवाल्यांनो, त्यात कमीपणा नाही.

खासगी डॉक्टरांविषयी बोलायचं तर रायगडमध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं, त्यात मुलं फार, डोळ्यांदेखत मरत होती. रात्र-रात्र खाटेशेजारी बसून त्यांनी नोंदी केल्या. विंचवाच्या विषानं हृदयावर काय होतं ते ओळखलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून ते मृत्यू रोखले. ‘लॅन्सेट’नं ते छापलं. पुढे महाडलाच त्यांनी आपलं रुग्णालय काढलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्रानं रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांना १२०० रुपयांचा चेक पाठवला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. खासगी म्हटलं की कमिशनचा कट आलाच, असं मानणाऱ्यांनी महाडकडे बघावं. कट घेत नाहीत म्हणूनच खासगी डॉक्टर बरे, असं मानणाऱ्यांनी त्या चेककडे बघावं.

इथल्या कोळी-आगरी घरांत मुंबई-पनवेलच्या खासगी रुग्णालयाचं बिल कसं भरलं जातं, तेही सांगतो. बाईच्या अंगावरचं सोनं गहाण पडतं, कधी बोट विकली जाते. आपल्याकडे पॉलिसी आहे म्हणून आपण बिलाकडे बघत नाही, आणि आपण बघत नाही म्हणून दर चढतात. चढलेला दर पॉलिसी नसलेला शेजारीही भरतो. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार नर्सिंग होमनं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आपण शिकलेली, रिकामा वेळ असलेली माणसं. दरपत्रक कुठे आहे, हे आपण विचारायचं, म्हणजे शेजाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. तातडीच्या रुग्णाला जीव वाचवणारे उपचार नाकारता येणार नाहीत, सरकारी असो की खासगी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यातच सांगितलंय. ‘आधी डिपॉझिट’ म्हणणाऱ्याला त्याची आठवण करून द्यावी.

पावसाळा तोंडावर आलाय. तो लागायच्या आत आपल्या गावातल्या, फार तर तालुक्यातल्या एका डॉक्टरकडे बरे असताना जाऊन या. जुने ईसीजी आणि गोळ्यांची यादी दाखवा, रात्री फोन केला तर उचलाल का, ते विचारा, गुठळीचं इंजेक्शन जवळ कुठे मिळतं, ते विचारून घ्या. आणि निघताना तपासणीची फी द्या. ‘नुसतं भेटायला आलो होतो’ म्हणून सटकू नका.